टाकीच्या तोंडाशी

सिंदेवाहीला वसतिगृहाची इमारत उठत होती. तिथला सेफ्टी सुपरवायझर मन्सूर शेख याला सगळे घाबरट म्हणायचे. परांचीच्या शिडीला एक दोरी कमी दिसली तरी त्याच्या हाताला घाम सुटायचा. कामगार हसायचे, तोही हसायचा. कारण मात्र कोणाला सांगत नसे.

नऊ वर्षांपूर्वी राजुऱ्याकडच्या एका कामावर तीन माणसं बंद टाकीत एकामागे एक उतरली होती. पहिला बोलेना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. चौथा मन्सूर होता. तो काठावरच थांबला, उतरलाच नाही. टाकीत श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती; तिघांची प्रेतं निघाली. आपण शहाणपणाने थांबलो की भेकडपणाने, हे त्याला आजवर ठरवता आलेलं नाही.

वसतिगृहाच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी होती. स्लॅब टाकून तीन आठवडे झाले होते. आत पावसाचं पाणी साचलं होतं, स्लॅबला आधार दिलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या कुजत होत्या आणि दोन्ही तोंडांवर प्लायवूड झाकलेलं होतं; एकाजवळ शिडी पडली होती. सकाळीच मन्सूरने बजावलं, "आज कोणी उतरू नका. पहिले हवा खेळू द्या." आणि तो सुरक्षेचे पट्टे आणायला स्टोअरमध्ये गेला.

वीस मिनिटांत तिथेच मजुरी करणाऱ्या चंचलची किंकाळी आली. "मन्सूरभाऊ! हे आत गेले, बोलून नाई राह्यले जी!"

चंचलचा नवरा चंदन फळ्या काढायला एकटाच उतरला होता. मन्सूर पट्टे घेऊन धावत पोचला तेव्हा चंदनचा मोठा भाऊ सोमाजी शिडीवर एक पाय टाकून उभा होता. मन्सूरने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. दोघे चिखलात पडले.

"सोड मले! माहा भाऊ आहे तो!"

"सोमाजीभाऊ, तुम्ही उतरसान तं दोघांले काढा लागन. आत हवा नाई!"

"तू डरपोकच आहेस! मरू देतं काय त्याले?"

मन्सूरने त्याला सोडलं नाही. टाकीतून घोरल्यासारखी घरघर ऐकू आली. चंदनचा श्वास चालू होता.

"ऑफिसातला कूलर आणा! दुसऱ्या तोंडावरचं प्लायवूड काढा!" तो ओरडला. दोघा कामगारांनी कूलर फरफटत आणला. ताडपत्री गुंडाळून त्याचं तोंड टाकीच्या एका भोकाला लावलं. पंखा घुमू लागला. अॅम्ब्युलन्सला फोन गेला. चंचल एकसारखी नवऱ्याला हाका मारत होती. आतली घरघर हळू झाली, आणि एकदा बराच वेळ थांबली.

आता कोणीतरी उतरणं भाग होतं. त्याने दोर लावलेला पट्टा स्वतःलाच बांधला. बकल लागेना; शेवटी चंचलने लावून दिलं.

"मी पडलो तं दोर ओढा," तो सोमाजीला म्हणाला. "मांगे कोणी येऊ नका. कोणीच नाई."

शिडीच्या प्रत्येक पायरीला त्याला वाटे, आता जीभ जड होईल, आता डोळ्यापुढे अंधारी येईल. खाली कुजका वास होता. चंदन भिंतीला टेकून बसल्यासारखा होता, ओठ निळे पडलेले. मन्सूरने त्याच्या काखेखालून सोबत नेलेला दुसरा दोर घातला, गाठ मारली आणि ओरडला. आपला आवाज वर पोचला की नाही हेही त्याला कळलं नाही. मग चंदनचे पाय त्याच्या तोंडासमोरून वर गेले.

तो बाहेर आला तेव्हा सोमाजी भावाची छाती चोळत होता. चंदनला उलटी झाली, तेव्हा कुठे चंचल मोठ्याने रडली. चंद्रपूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्याने बायकोला ओळखलं.

मन्सूरने ठेकेदाराशी भांडून हवा तपासायचं यंत्र मागवलं. टाकीच्या तोंडांना लोखंडी झाकणं बसवली. किल्ल्या त्याच्याच खिशात असतात.

दीड महिन्याने चंदन कामावर परतला. आता तो वरच रेती चाळतो. कधी कधी बोलता बोलता समोरच्या माणसाचं नाव विसरतो आणि ओशाळं हसतो. मन्सूर ते लांबून पाहतो. त्या सकाळी पट्टे आणायला जाण्याआधी शिडी तेवढी काढून ठेवायची होती. एवढंच काम होतं.