डबीला कल्हई

थोरला भाऊ वारल्यावर महिनाभराने मी त्याची मोटारसायकल दुरुस्तीला काढली. कार्बोरेटर गळत होता. आतली, पेट्रोलवर तरंगणारी पितळी डबी गरम पाण्यात धरली, तर एका जागी बुडबुडे आले. तेवढं भोक बुजवायला ती नंदुरबारच्या कल्हईवाल्याकडे दिली. त्या शहाण्याने पातेल्याला करावी तशी अख्ख्या डबीला जाड कल्हई केली. जड डबी तरंगेना, पेट्रोल आणखीच वाहू लागलं. एरवी मी त्याचा भाता फेकून दिला असता. त्या दिवशी रागसुद्धा आला नाही. दुपारभर कथील खरवडत बसलो.

गळती थांबली. किक मारली, गाडी धडधडली. त्या आवाजासरशी आतून आईने भावालाच विचारलं, "उना का रे?"

मी "हो, आलो" म्हणालो आणि त्याच्या पाटावर जाऊन जेवायला बसलो.