रस वाढणारा चिमाजी

चिमाजी चालायला लागला की मागून बघणाऱ्याला वाटे, ह्याचं काहीतरी खाली पडलंय आणि हा ते शोधतोय. कमरेत वाकलेला, मान पुढं, दोन्ही हात काहीतरी धरल्यासारखे. विंझरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. निम्मं आयुष्य तिथं शेरडं राखण्यात गेलं, पण शेरडं राखून माणूस असा वाकत नाही. हा बाक त्याला नसरापूरजवळच्या फाउंड्रीनं दिला होता.

तिथं भंगार वितळवून पंपांचे भाग ओततात. वितळलेल्या लोखंडाला सगळे ‘रस’ म्हणतात. वाळूचे साचे जमिनीवर ओळीनं मांडलेले असतात. त्या ओळीला ‘पंगत’ हे नाव चिमाजीनं दिलं आणि ते कारखानाभर रुळलं. लांब दांड्याचं भांडं घेऊन तो पंगतीतून फिरे आणि एखादा साचा पटकन भरला नाही, तर “लाजू नका, होऊ द्या सावकाश,” असं त्या वाळूला म्हणे. माणसांच्या पंगतीत त्याला कुणी इतका आग्रह केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

कामाला लागला तेव्हा घरी एक अडचण होती. बायकोची, भागूबाईची, धाकटी बहीण चुलीवर भाजून गेली होती. “आगीचं काम असंल तर शेरडंच राखा,” असं भागूबाईनं बजावलं होतं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिनं काम विचारलं. चिमाजी म्हणाला, “पंगतीला रस वाढतो.”

बाकीचं भागूबाईनं स्वतः रचलं. नवरा कँटीनमध्ये आहे आणि कंपनी एवढी मोठी की कामगारांना बारा महिने आमरस घालते, हे तिनं वाडीभर सांगितलं. चिमाजीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फक्त त्याच्या शर्टांना बारीक जळकी भोकं पडत. ती बिडीची, असं भागूबाईनं ठरवलं. संध्याकाळी जीपमधून उतरून तो घरी आला की त्याचा शर्ट उजेडात धरून ती त्याचा उद्धार करी, आणि मग तेच भोक रफू करी. चिमाजी मान खाली घालून ऐके. ती तशीही खालीच असायची.

मागल्या वर्षी एक साचा ओला राहिला. ओल्या वाळूत रस पडला की तो उसळतो. चिमाजी नेहमीसारखा वाकलेला होता. पुण्याच्या दवाखान्यात तो थोडेच दिवस जगला. भागूबाईला आत सोडलं तेव्हा त्याचं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं होतं. वाळूशीसुद्धा बोलणारा हा गडी तिला शेवटचं काही सांगू शकला नाही. कँटीनचा गॅस भडकला असेल, असं तिनं धरलं. बरोबर काम करणाऱ्या धनाजीला ते खोडून काढायचा धीर झाला नाही.

कारखान्यानं कामगारांच्या भरपाईचा विमा उतरवला होता. विम्यात माणसांचे कामावरून वर्ग पाडतात: भट्टीपुढचा एका वर्गात, कचेरीतला दुसऱ्या, कँटीनमधला तिसऱ्या. जोखमीप्रमाणे हप्ता. धाकटी मुलगी वैष्णवी भोरला कॉलेजात होती आणि तिचं पुढचं सगळं ह्या भरपाईवर होतं. चौकशीला विम्याचे साहेब वाडीवर आले. भागूबाईनं त्यांना चहा दिला आणि अभिमानानं सांगितलं, मालक कँटीनमध्ये होते, रस वाढायचे.

झालं. कारखाना म्हणे ओतकामगार, बायको म्हणे कँटीनवाला. मग कँटीनचा माणूस भट्टीपुढं गेलाच कशाला? प्रकरण अडकलं. शाळेत चौथीच्या वर उभ्या जन्मात न गेलेला चिमाजी मेल्यावर वर्गात बसला, आणि तोही चुकीच्या.

जबाब बदलायला भागूबाई तयार होईना. मेलेल्या नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. शेवटी धनाजीनं हात जोडले, एकदा कारखान्यात येऊन नुसतं बघा म्हणाला. ती आली. साहेबही आले.

भट्टी तिरपी झाली. भांड्यात केशरी रस उतरला, हापूसच्या रंगाचा. धनाजी कमरेत वाकला, मान पुढं केली आणि पंगतीतून चालत साच्यांत वाढत गेला. भागूबाईनं पदर तोंडाला लावला. ती चाल तिच्या ओळखीची होती. एक ठिणगी उडून धनाजीच्या बाहीवर बसली आणि विझली.

काम आटोपल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, म्हणजे चिमाजी घरी खोटं सांगत होते का?

“न्हाई,” भागूबाई म्हणाली. “रस वाढतो म्हनले व्हते. त्यो ह्योच रस. कँटीन म्या म्हनलं. तसं लिवा.”

साहेबांनी तसं लिहून घेतलं. चिमाजीचा वर्ग बदलला आणि अडलेलं प्रकरण पुढं सरकलं. पण भागूबाई जागची हलली नाही. धनाजीच्या बाहीवरचं नवं भोक ती बघत राहिली, मग त्यात बोट घालून तिनं विचारलं, “भावजी, त्ये बिडी वढत व्हते का कंदी?”

“कंदीच न्हाई, वैनी.”

“मग मी रोज बोलायची, तवा गप का बसायचे?”

 धनाजी पुढच्या पंगतीसाठी वाळू चाळायला वाकला.