गोचिडीचा ताप आणि पंधरावं वर्ष

त्या वर्षी उसाचा खोडवा मोडून रान मोकळं झाल्यावर आम्ही पलूसच्या रानात जतकडची मेंढरं बसवली. मेंढरं रात्रभर रानात बसली की खत आयतं मिळतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य द्यायचं. माझे यजमान फौजेतून रजेवर आले होते. राखणीला तेच मेंढरांपाशी झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गुडघ्यामागे फुगलेली गोचीड सापडली. मामंजींनी, म्हणजे यांच्या आबांनी, पेटती विडी टेकवली, गोचीड गळून पडली आणि विषय संपला. आमच्याकडे गोचीड ही कुणाला सांगायची गोष्टच नव्हती. म्हशीच्या कासेच्या गोचिडी मी रोज उपटत असे.

आठवड्याने यांना कडक ताप भरला. तळहातावर तांबडे ठिपके उठले. दोन्ही घोटे आणि उजवा गुडघा टम्म सुजला. मी म्हटलं, सांगलीला जाऊन रक्त तपासू.

"आन् कागदावर सांधेवात लिवला मंजी?" हे उसळले. "चौदा वर्सं झाल्यात, येक ऱ्हायलंय. मेडिकलला नापास झालो की घरी धाडत्यात. पेन्शन न्हाई."

"आवं, लंगडत गेलासा तर काय पालखीत बसवून मेडिकल घेतील?"

तापाच्या तिसऱ्या दिवशी मी त्यांना एस.टी.त घालून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही चावलं होतं का?" हे म्हणाले, "न्हाई. साप न्हाई, इंचू न्हाई." मीही मान हलवली. रक्तात काही निघालं नाही. मलेरियाच्या गोळ्या मिळाल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "सूज उतरली नाही तर आठ दिवसांनी परत या."

"बगितलंस? रगत साफ हाय," हे वाटभर सांगत राहिले.

रक्त साफ होतं, पण गुडघा साफ नव्हता. संडासला जाताना ते भिंत धरत. रजेचे पाच दिवस उरले आणि यांनी ट्रंक भरायला घेतली. असं गेले तर छावणीतला डॉक्टर पायाकडे बघूनच शेरा मारणार. थांबले तर रजा वाढवायला दाखला हवा, आणि दाखल्यात डॉक्टर 'सांधे सुजले' याशिवाय काय लिहिणार? दोन्हीकडून तोच शेरा. भाकरी थापताना हात थांबायचा आणि तव्यावरची करपायची.

शेवटी मी पोस्टात गेले आणि यांच्या नावाने यांच्या पलटणीला तार ठोकली: आजारी, रजा वाढवा, दाखला पाठवतो. घरी येऊन सांगितलं.

"माजी नोकरी तू खाल्लीस," एवढंच बोलून त्यांनी तोंड फिरवलं. पुढे तीन दिवस माझ्याशी बोलले ते फक्त मामंजींमार्फत. "तिला म्हनावं, पानी दे."

आठवा दिवस उजाडला. डॉक्टरांनी यांना पालथं झोपवलं, गुडघा दाबता दाबता थांबले. "ही काळी खपली कसली?"

"गोचीड व्हती. काडून टाकली."

"मग पहिल्यांदा का नाही सांगितलंत?"

"गोचीड काय सांगायची, सायेब? आमच्यात म्हशीबी सांगत न्हाईत."

डॉक्टर हसले नाहीत. मला म्हणाले, "बाई, गोचीड चावल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पुरळ उठलं, सांधे धरले, तर ताबडतोब यायचं आणि गोचीड पहिल्यांदा सांगायची. रक्तात खूण उमटायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पहिली तपासणी कोरी आली तरी दुसरी करायचीच. पण औषध त्यासाठी अडवायचं नसतं." गोळ्या त्यांनी तिथेच सुरू केल्या. आठ दिवसांपूर्वीच बोललो असतो तर हे वाचलं असतं, असं मला बसमध्ये सुचलं आणि मान हलवल्याची लाज वाटली.

या वेळी रक्तात खूण सापडली. तिसऱ्या दिवशी ताप गेला, सूज मात्र हळूहळू उतरली. दाखल्यावर 'गोचिडीचा ताप, बरा होणारा' असं लिहून मिळालं. सांधेवात हा शब्द त्यात नव्हता. मी तो कागद तीनदा वाचून घेतला. यांनीही वाचला आणि मामंजींना मधे न घेता मला म्हणाले, "च्या टाक."

ते गेल्यावर पोस्टमनची वाट बघण्यात पंचवीस दिवस गेले. यांचा पाय उतारावरून चालताना अजून दुखत होता, हे मला ठाऊक होतं. पत्र आलं तेव्हा दारातच फोडलं आणि वरचा मायना सोडून मधली ओळ शोधली: दोनदा पळवलं, वीस बैठका काढायला लावल्या, मेडिकल पास. खाली लिहिलं होतं, अठराव्या बैठकीला डोळ्यांसमोर अंधारी आली होती, पण ते आबांना सांगू नकोस.