पिवळ्या पट्ट्याबाहेरची पन्नाशी

लोकांना काडी ओढू नका, असं सांगण्याचा मला पगार मिळतो. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टीचा साहेब आहे. घरी पगार मिळत नाही, तरी तिथेही मी तेच करतो. पेणच्या आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर मी लावलेली सूचनांची पाटी आहे. तिच्यावर फोडणीचे इतके डाग पडलेत, की आता ती वाचायची तर गॅस बंद करून अगदी जवळ जावं लागतं. म्हणजे पाटीचा उद्देश सफल झाला म्हणायचा. गणपतीत आरती चालू असताना मी कोपऱ्यात पाण्याची बादली घेऊन उभा असतो. नवख्या पाहुण्यांना वाटतं, याला विसर्जनाची फार घाई झालेली दिसते.

तर असा हा मनुष्य पन्नास वर्षांचा होणार होता. त्यात कौतुकाचं काही नाही, जगत राहिलं की होतं. पण आमच्या घरात हा आकडा साधा नव्हता. बाबा एकोणपन्नास वर्षांचे असताना गेले. जोहे गावच्या गणपतीच्या कारखान्यात ते रंगकाम करायचे. सकाळी डबा घेऊन बसमध्ये चढले आणि दुपारी चार माणसांनी त्यांना घरी आणलं. त्यानंतर आईने ओवाळायला ताट हातात धरलं नाही. माझ्या वाढदिवसाला वाती तीच वळायची, ताटही तीच सजवायची, आणि ओवाळायची वेळ आली की शेजारच्या काकूंना हाक मारून स्वतः दाराआड उभी राहायची. लग्नानंतर काकूंचं काम बायकोकडे आलं. आई दाराआडच राहिली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. विधवेचा हात शुभाच्या ताटाला लागू नये, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

मला एकोणपन्नास वर्षं पुरी झाली आणि आईची झोप उडाली. रात्री तिचा कान माझ्या घोरण्यावर असे. घोरणं थांबलं, की येऊन मला हलवायची. त्यामुळे त्या वर्षात मी नीट झोपलोच नाही आणि जागरणाने मला खरोखरच धडधडायला लागलं. मी तिला ईसीजीचा कागद दाखवला. धोका किती, शक्यता किती, हे कंपनीत मी तक्ते काढून समजावतो, तसंच तिलाही समजावलं.

"तुझ्या बापाला पण काय नव्हतं झालेलं," ती म्हणाली.

या मुद्द्यावर माझ्याकडे तक्ता नव्हता.

मग एके दिवशी भाजी निवडता निवडता तिने बायकोला सांगितलं, "याला पन्नास पुरी झाली ना गो, तर मी ओवाळणार हाय. पन्नास दिव्यांनी. माझ्या हातानं." बायकोने ते माझ्या कानावर घातलं आणि वर बजावलं, "त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही घरी असणार आहात. दुसरं काही मला ऐकायचं नाही."

मी कशाला नाही म्हणतोय? पण आमचा प्लांट वर्षातून एकदा पूर्ण बंद ठेवून त्याची साफसफाई आणि दुरुस्ती करतात. त्याचं वेळापत्रक मी बनवतो. प्लांट पुन्हा चालू होईल त्या दिवशी सेफ्टीच्या साहेबाने रात्रीपर्यंत गेट सोडायचं नाही, हा नियमही माझाच. आणि चालू करायचा दिवस म्हणून मी निवडला होता माझाच वाढदिवस. तारीख मी टाइप केली, खाली सही केली, सगळ्यांना मेल केली, आणि ही तारीख कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते, एवढंसुद्धा मनात आलं नाही. उलट मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून सांगितलं, की घरात लग्न असो की बारसं, या दिवशी कुणीही रजा मागायची नाही. लक्षात आलं तेव्हा सुटका नव्हती. नियम मोडायची परवानगी ज्याच्याकडे मागायची, तो मीच होतो आणि मी फार कडक आहे.

आदल्या दिवशी घरी सांगितलं. बायकोने गॅस बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी आईला म्हटलं, "आये, परवा करू ना. दिवे काय, परवा पण लागतील."

"वाढदिवस काय डब्यात भरून ठेवतात?" आई म्हणाली, आणि चाळण घेऊन कणीक चाळायला बसली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेटवरून फोन आला. "साहेब, तुमच्या घरची मंडळी आलीत. त्यांच्याकडं काडेपेटी सापडली. जमा करून घेतली." वॉचमनच्या आवाजात अभिमान होता. त्याला तसं तयार मीच केलं होतं.

प्लांटमध्ये धावायला बंदी आहे, म्हणून मी भराभर चालत गेटवर गेलो. गाडी मुलीने चालवत आणली होती, शेजारी बायको, आणि मागच्या सीटवर आई. तिच्या मांडीवर परात, परातीत कणकेचे पन्नास दिवे, तुपात भिजलेल्या वाती. पेणहून रोह्यापर्यंतच्या रस्त्यावर माणसाचे मणके जागचे हलतात, तिथे तिने एक दिवा कलंडू दिला नव्हता.

"आये, इथे नाही पेटवता येणार," मी म्हटलं, आणि सवयीने पुढे सुरूच झालो. वाफा कशा पसरतात, वाऱ्याची दिशा काय, एक ठिणगी काय करू शकते.

"बाबा, स्लाइड पण आणल्यात का?" मुलीने विचारलं.

"मग कुठं पेटवायचं, ते सांग," आई म्हणाली.

आमच्या गेटबाहेर रस्त्यावर एक पिवळा पट्टा आहे. त्याच्या आत विडीसुद्धा पेटवायची नाही. पूर्वी तो गेटला लागून होता. मागे मला जरा जास्त अक्कल आली आणि मी तो पार रस्त्यापलीकडे सरकवला. तिथली एक चहाची टपरी पट्ट्याच्या आत येत होती, म्हणून तीही हलवायला लावली. तेव्हापासून टपरीवाला मला पाहिलं की तोंड फिरवायचा. आता आमची वरात त्याच्याच दारात निघाली होती. पुढे परात, मागे मी.

"या साहेब," तो म्हणाला. "इथं चालतंय. तुम्हीच जागा पास केलीय." आणि त्याने फडक्याने बाकडं पुसून दिलं.

मी बसलो. पाट नव्हता, रांगोळी नव्हती. ओवाळताना डोक्यावर टोपी लागते, तर माझं हेल्मेट काढायचं राहूनच गेलं होतं. "राहू दे," आई म्हणाली, "डोकं झाकल्याशी कारण." बायकोने हेल्मेटची कड वर सारून कुंकू लावलं. वॉचमनकडून काडेपेटी परत मिळवून मुलगी दिवे लावायला लागली, पण एक लागला की दोन विझत. शेवटी चहाची गिऱ्हाइकं ग्लास घेऊन परातीभोवती आडोसा करून उभी राहिली. माझं लक्ष मात्र उघड्या ज्योती, टपरीचा सिलिंडर आणि आईचा सुती पदर यांच्यातच फिरत होतं. पन्नास वर्षं पुरी झाल्याच्या त्या मंगल क्षणी मी वाळूची बादली शोधत होतो.

बायकोने परात आईच्या हातात दिली. आईने ती धरली, पण वर उचलेना. मला वाटलं, वजन झेपत नाही. आधार द्यायला उठलो, तर ती मागे सरली.

"तूच घे गो," ती बायकोला म्हणाली. "माझा हात नको. उद्या याला काय झालं, तर..."

वर्षभर जिने या संध्याकाळची वाट पाहिली, ती आता परात परत करत होती. बायकोने हात पुढे केले नाहीत. मला भीती वाटली. आत्ता हे झालं नाही तर कधीच होणार नाही, आणि जन्मभर ती स्वतःच्याच हातांना भिऊन राहील.

मी तिची मनगटं धरली. "काय होत नाय, आये," मी म्हटलं. "काय पण होत नाय. ओवाळ तू."

"काय होत नाय, साहेब," हे वाक्य मी रोज ऐकतो. कमरेला सेफ्टी बेल्ट न लावता उंचावर चढणारा हेच म्हणतो, हातमोजे विसरून आलेला हेच म्हणतो. एवढं वाक्य बोलला म्हणून मी माणसांना गेटवरून घरी पाठवलं आहे. सगळ्या नोकरीत ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, तेही हातात कसला पुरावा नसताना. पिवळ्या पट्ट्यापलीकडे वॉचमन उभा होता. त्याने ते ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं.

आईने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग परात उचलली आणि ओवाळलं. अर्धे दिवे तोवर विझले होते, तेही तिने ओवाळले. अक्षता टाकल्या, त्या हेल्मेटवर वाजून खाली पडल्या. परात बायकोकडे देऊन तिने दोन्ही हातांनी माझे गाल धरले.

"आता म्हातारा हो," ती म्हणाली.

मी "व्हय" म्हटलं.