दादाच्या तळघरातलं विरजण

डेअरीच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं दूध तपासत होती. तिथे सगळ्यांसाठी ती 'तपासणीच्या बाई'. चिमणी म्हणणारा एकच, तिचा थोरला भाऊ. तो घराखालच्या तळघरात चीज मुरवायचा. लाकडी फळ्यांवर ओळीने गोळे मांडलेले, आणि रोज सकाळी मिठाच्या पाण्यातलं फडकं त्यांच्यावरून फिरवायचं.

"माझं चीज कधी नासत नाही," तो म्हणायचा.

"तुला वास येत नाही, एवढंच. त्या फळ्या एकदा उकळत्या पाण्याने धू."

"धुतल्या तर चीज रुसेल, चिमणे."

ती हसण्यावारी न्यायची. शिकलेली ना.

एका हिवाळ्यात आसपासच्या तीन चीजवाल्यांचा माल एका घातक जंतूने फुकट गेला. मग सगळ्यांचाच माल तपासायला आला, दादाचाही. तिने बशीत तो जंतू पसरला आणि त्यावर दादाच्या चीजमधून वाढवलेल्या जिवाणूंचे चार ठिपके ठेवले. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरली होती, पण प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं होतं. तिथे जंतूचा मागमूस नव्हता.

"हे जिवाणू एक प्रथिन सोडतात," साहेबांनी बशी उजेडात धरून सांगितलं. "त्याने शेजारचे काही जंतू मरतात. आपली जागा राखतात, झालं."

म्हणजे दादाचंच खरं होतं: न धुतलेल्या फळ्यांवरचे हे जिवाणूच त्याचं चीज राखत होते. तिने फोन उचलला आणि परत ठेवला. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती, त्याचा चेहरा बघायचा होता. रविवारी जाऊ, तिने ठरवलं.

शुक्रवारी दादा तळघरातच कोसळला. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या महिन्यात वहिनीने तळघर रिकामं केलं, फळ्या उकळत्या पाण्याने घासल्या. त्याचा वास सोसवत नाही म्हणाली. फळ्या उकळत्या पाण्याने धू असं दादाला सांगणारी तीच. आता कोणत्या तोंडाने अडवणार?

प्रयोगशाळेत मात्र ते जिवाणू होते. ते जिवंत राहावेत म्हणून दर पंधरवड्याला ती त्यांना नव्या बाटलीत हलवायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही.

वर्ष सरल्यावर वहिनीच म्हणाली, "ताई, रिकाम्या हातांनी बसवत नाही हो. करून बघू का मी चीज?"

तिने विरजण म्हणून ती बाटली नेऊन दिली. चार महिन्यांनी पहिला गोळा कापला. आधी तिने एक तुकडा प्रयोगशाळेत नेऊन तपासला. कडं तसंच स्वच्छ उमटलं. मग दोघींनी खाऊन पाहिलं.

"चांगलं झालंय," वहिनी म्हणाली. दुसरा तुकडा चावत म्हणाली, "पण त्यांचं नाही."

नव्हतंच. दादाच्या फळ्यांवर कितीतरी जातींचे जिवाणू नांदत होते. बाटलीत त्यातली एकच जात उरली होती.

तेव्हा तिने रविवारचं ठरवलेलं सगळं वहिनीला सांगितलं. वहिनीने सुरी पुसून ठेवली.

"आपलं खरं आहे हे त्यांना ठाऊक होतं, ताई. तुमच्या तोंडून ऐकायची हौस होती फक्त."

आता दर रविवारी दोघी मिळून गोळे उलटतात. कधी जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की दोघी एकदम वर बघतात, आणि पुन्हा कामाला लागतात.