मुशीचं तेल लावलेली मोटरसायकल
अंगणातून मुशी माशाच्या तेलाचा उग्र वास आला आणि मला साठ-बासष्ट सालच्या सुमारासची, समुद्रकाठच्या थळ गावची एक सकाळ आठवली. शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी छोटी मोटरसायकल मी नुकताच ओहोटीच्या घट्ट वाळूवर चालवायला शिकलो होतो. वडिलांना ती मुळीच पसंत नव्हती. मुलगी बघायला किहीमला निघालो, तर वडील होडीला लावतात तसं गाडीलाही मुशीचं तेल चोपडत होते. “खारा वारा हाय, लोखंडाला सोडत न्हाय,” एवढंच म्हणाले. मुलीच्या दारात गाडी लावताच मांजरं जमली; लाजेने माझी मान वर होईना. तिच्या वडिलांनी टाकीवरून बोट फिरवलं, हुंगलं आणि आत सांगितलं, “जपणारी मानसं हायेत.” आज अंगणात डोकावलो, तर तीच मुलगी, आता आजी झालेली, नातवाच्या नव्या गाडीला तेल चोपडत होती, नातू नाक दाबून उभा होता आणि कुंपणावर एक मांजर येऊन बसलं होतं.