आई फोटोत मान फिरवते

वडिलांच्या माघारी त्यांचा रोलचा कॅमेरा माझ्या वाट्याला आला आणि माझ्या डोक्याला ताप झाला. जालन्यात रोल मागितला की दुकानदार हसतात. एकाने तर मोबाईल बिघडलाय का म्हणून विचारलं. रोल पुण्याहून मागवायचा, धुवायला परत पुण्यालाच कुरियर करायचा आणि वाट बघत बसायचं. बरं, एवढा खटाटोप करून फोटोत काय, तर आईचा कान.

मला आईचा एक चांगला फोटो हवा होता, बस. रविवारी वडीगोद्रीला आईकडे गेले की तिला अंगणात खुर्चीवर बसवायचे. कॅमेऱ्याचा उजेड दाखवणारा काटा कधीच मेलेला, फोकस जाम. मी अंदाजाने सगळं जुळवेपर्यंत ही बाई गप बसून राहायची आणि नेमकं बटण दाबताना मान फिरवायची. कधी शेळी सुटली म्हणून, कधी दूध उतू गेलं म्हणून. नातवंडांच्या मोबाईलमध्ये मात्र दात काढून हसते! माझे रोलच्या रोल असेच वाया गेले.

परवा मी चिडलेच. चांगली साडी नेस, नीट समोर बघ, एवढंही जिवावर येतं का तुझ्या, असं बरंच बोलले. ती शांतपणे म्हणाली, “चांगली साडी, एकटीच, समोर बघ. भिंतीवर लावायचाच काढून राह्यली ना तू?”

अंगाचा नुसता तिळपापड झाला, कारण खोटं म्हणता येईना. मागे तिच्या छातीत कळ आली होती, तेव्हापासूनच मी हा कॅमेरा हातात घेतला होता. तरी म्हणाले, काहीतरीच तुझं. तिने ते कानाआड केलं.

“मंग तूबी बस माझ्यापाशी,” ती म्हणाली.

कॅमेरा स्टुलावर ठेवून टायमर लावला, तर मेला मध्येच अडकला. दोन शिव्या हासडून पुन्हा लावला आणि पळत येऊन तिच्या शेजारी बसले. तिने माझी मान ओढून गालाला गाल लावला, इतका घट्ट की माझा चष्मा तिरका झाला. सरळ बस ना, हाही फोटो वाया जाईल, मी करवादले. तिने पकड सोडली नाही.

“जाऊ दे वाया. तुहा बाप गेला तव्हा तुह्या चुलत्याच्या लग्नातल्या फोटोतून त्याला कापून भिंतीला लावला. मला तसं कापता यायचं न्हाई.”